चापाला कुणी हात लावला?

२६ जुलै, शनिवार

माझ्या चापाला कुणीतरी हात लावतंय. खात्री आहे, पण पुरावा नाही, म्हणून आजपासून लिहून ठेवतो. उद्या वाद झाला तर कुणी म्हणायला नको की व्हर्लिन ऑस्ट्रेम म्हातारा झाला, त्याला काही आठवत नाही.

झालं ते असं. नेहमीच्या शनिवारसारखे मी आणि नॉर्ब त्याच्या गोठ्यामागे गवताच्या गठ्ठ्यांवर बाण मारत होतो. नॉर्ब कोल्बेक माझा जुना जोडीदार. त्याच्याच टेकडीवर मी दरवर्षी हरणाच्या शिकारीला बसतो. माझा चाप साधा आहे, मनगटाला पट्ट्यानं बांधायचा. पुढचा आकडा धनुष्याची दोरी धरून ठेवतो आणि तर्जनीनं घोडा दाबला की सोडतो. नुसत्या बोटांनी सोडण्यापेक्षा बाण सरळ जातो, एवढंच त्याचं काम. आज दोरी गालापर्यंत आलीसुद्धा नव्हती आणि बाण गेला. मारणारही नव्हतो मी, नुसता ओढून बघत होतो. बाण गठ्ठ्यांवरून जो गेला तो गोठ्याच्या पत्र्यात घुसला. नॉर्ब त्या कोपऱ्यावर गुरांच्या पाण्याचा नळ बंद करायला गेला होता.

मी ओरडलो, "चाप बिघडलाय!"

नॉर्ब पत्र्यातला बाण उपटत होता. बराच वेळ उपटत होता. मग म्हणाला, "बिघडला असेल." आणि हसला. पण नॉर्ब हसतो तेव्हा त्याचं पोट हलतं. आज नुसते दात दिसले.

मग म्हणाला, "शेडखाली एखादा घाण फवारणारा स्कंक मेलाय वाटतं, काय घाण सुटलीय." मला तर कसलाच वास आला नाही. विषय बदलायची युक्ती.

धनुष्याची पेटी मी त्याच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये ठेवतो. किल्ल्या दोघांकडेच.

३० जुलै

डार्ला झाहोरिककडे गेलो. धान्य-पेंडीच्या दुकानामागे तिचं धनुष्यांचं दुकान आहे. एकेकाळी राज्यात पहिली यायची. तिनं माझा चाप उलटसुलट केला, आकडा दहा वेळा उघडून मिटला आणि म्हणाली, "याला धाड भरलेली नाही, व्हर्लिन. पण घोडा मात्र फार हलका ठेवलायस तू."

"मी नाही ठेवला."

"मग कुणी?"

तेच तर शोधतोय, हे मी तिला सांगितलं नाही. डार्लाचं तोंड म्हणजे गावची भोंगागाडी.

तिनं काउंटरवर चार प्रकारचे चाप मांडले. एक माझ्यासारखाच. दुसरा मुठीत धरायचा, अंगठ्यानं दाबायचा. तिसऱ्याला घोडाच नाही. मूठ किंचित वळते, पाठ आवळत जाते आणि दोरी कधी सुटते ते मारणाऱ्यालाही कळत नाही. चौथा नुसता ओढत राहायचा, ठरावीक जोर झाला की सुटतो.

"कधी सुटेल ते मालकाला माहीत नाही, असल्या चापावर भरवसा कोण ठेवणार?" मी म्हणालो.

"तेच तर औषध आहे. माणूस सोडायला घाई करतो, बोट झटका देतं. चापानं घाई करू दिली नाही की झटका जातो."

"मी झटका देत नाही."

"मी कुठे म्हटलं तू देतोस?" असं म्हणून तिनं क्लबच्या स्पर्धेची यादी पुढे केली. मी नाव लिहिलं तर चष्मा वर करून म्हणते, "हे नाव आहे की मुंगी चिरडलीय?"

तिचं पेनच खराब होतं.

तिसरा चाप आठवड्यासाठी उसना आणला. घोडाच नाही तर घोड्याशी खेळणार कोण? बघू.

४ ऑगस्ट

मार्लिस हल्ली माझा कॉफीचा कप अर्धाच भरते. विचारलं तर म्हणे डॉक्टर कॉफी कमी करा म्हणतात. कोणते डॉक्टर? कुणाला म्हणाले? लग्नाला इतकी वर्षं झाली, बाईनं कधी कॉफीत हात आखडता घेतला नव्हता.

शिवाय माझ्या दोन चांगल्या शर्टांची बटणं काढून तिनं टिचबटणं लावली. "दुकानात हीच स्वस्त मिळाली," म्हणाली. असलेली बटणं काढून नवी लावण्यात स्वस्त काय?

९ ऑगस्ट, शनिवार

ओठ सुजलाय. पुढचा दात अर्धा तुटला.

डार्लाचा बिनघोड्याचा चाप. गठ्ठ्यासमोर उभा राहिलो, दोरी ओढायला लागलो आणि अर्ध्यावरच सुटला तो. मूठ सरळ तोंडावर. घोड्यानं लाथ घातली तर इतकं लागत नाही.

नॉर्ब धावत आला. "अंगठा आधाराला ठेवायचा असतो ना रे ओढताना! मूठ वळली तुझी."

"मूठ नाही वळली. चापच तसा लावून दिलाय."

"डार्लानं? ती कशाला लावेल?"

"ते तिलाच विचार."

त्यानं थंड पाण्याचं फडकं दिलं आणि माझा हात हातात घेऊन बघत राहिला. लागलं होतं तोंडाला, आणि हा बघतोय हात. मी हात काढून घेतला.

परत जाताना म्हणाला, "व्हर्लिन, तो उजवा हात असा अंगाला चिकटवून काय चालतोस? खिशात अंडी ठेवलीयत का?"

असले विनोद तो पूर्वी करत नव्हता.

१५ ऑगस्ट

मचाण नाही!

हंगामाआधी बघून यावं म्हणून टेकडीवर गेलो होतो. ज्या ओकवर माझं मचाण इतकी वर्षं आहे तो ओक मोकळा. शिडी नाही, बैठक नाही, खोडावर पट्ट्यांचे वळ तेवढे. नॉर्ब गवत कापत होता. मशीन बंद करेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.

"पट्टे कुजले होते," तो म्हणाला.

"पट्टे मीच गेल्या वर्षी नवे आणले."

"मग शिडी. शिडी हलत होती. यंदा खालीच बसू ना, कापडी आडोशात. वयं झाली आता."

"कुणाची वयं?"

यावर तो म्हणाला, "माझं," आणि मशीन परत चालू केलं.

आता सगळं लक्षात आलं. इलिनॉयवाले. गेल्या वर्षी शेजारच्या दरीतल्या माणसानं आपली टेकडी शिकागोच्या दोन दंतवैद्यांना हंगामापुरती भाड्यानं दिली. नवे कोरे कपडे, नराला भुलवायला हरणाच्या मुताच्या बाटल्या, आणि झाडावर चढताना एकमेकांचे फोटो. नॉर्बनं माझी जागा तसल्यांना दिली असणार. माझा नेम बिघडला, मी आपणहून थांबलो, की याचा मार्ग मोकळा. म्हणून चाप!

मार्लिसला सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "नॉर्ब तसं करेल?" आणि पाठ करूनच उभी राहिली. माझ्या बाजूनं एक शब्द नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

आधी घोडा हलका होता, आज जड! बोट दुखेपर्यंत दाबावा लागला. याचा अर्थ मधल्या दिवसांत स्क्रू फिरवला गेलाय. मी नॉर्बला काही बोललो नाही. म्हटलं, चोर सापडायचा तर सावध करायचा नाही.

स्क्रू मला हवा तसा परत लावला. मार्लिसची लाल नेलपॉलिशची बाटली खिशात घालून नेली होती. स्क्रूच्या डोक्यावर आणि धातूवर मिळून एक थेंब ठेवला. सुकला की घट्ट. स्क्रू फिरवला तर थेंब तडकणारच. चाप पेटीत, पेटी शेडमध्ये. नॉर्बला हसून टाटा केला.

हे करताना हात भयंकर थरथरत होता, अर्धी बाटली पँटवर सांडली. राग दाबून धरला की माझं असंच होतं.

२६ ऑगस्ट

मार्लिस म्हणाली चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला जाते. मी खिळे आणायला गावात गेलो तर आमची गाडी डार्लाच्या दुकानासमोर. काचेतून दिसलं. मार्लिस, डार्ला आणि नॉर्ब, तिघं. मार्लिस डोळे पुसत होती. नॉर्बनं तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

मी खिळे न घेताच घरी आलो.

ती आल्यावर विचारलं, "सराव कसा झाला?"

"छान," म्हणाली.

एवढंच लिहितो.

१ सप्टेंबर, सोमवार

आज क्लबची स्पर्धा. जंगलात वाटेनं ठेवलेली फोमची हरणं, अस्वलं, एक टर्की. सकाळीच शेडमधून पेटी आणली. ट्रकच्या मागच्या फळीवर ठेवून उघडली.

थेंब तडकलेला. दोन तुकडे. स्क्रूची खाच पार वळलेली.

इतके दिवस वाटत होतं, पुरावा मिळाला की बरं वाटेल. बरं काही वाटलं नाही.

नॉर्ब सॉसेज भाजण्याच्या शेगडीपाशी क्लबच्या लोकांबरोबर उभा होता. मी सगळ्यांसमोर चाप त्याच्या नाकापुढे धरला. "हे काय आहे?"

"तुझा चाप."

"हे लाल काय आहे?"

त्यानं बघितलं. त्याला लगेच कळलं. नॉर्बला चेहरा लपवता येत नाही, म्हणून तर तो पत्त्यांत हरतो. "खुणेचा रंग लावलास?" तो हळूच म्हणाला.

"लावला. कारण चोर आपल्याच शेडमध्ये आहे अशी शंका होती. बोल, फिरवलास की नाही स्क्रू?"

शेगडीवर चरबी तडतडत होती तेवढीच.

"फिरवला," नॉर्ब म्हणाला. "दोनदा."

"ऐकलंत?" मी सगळ्यांकडे वळून म्हणालो. "इतकी वर्षं याच्या घरी जेवलो. आणि हा माझी जागा इलिनॉयवाल्यांना विकायला माझा नेम बिघडवतोय. वर माझ्या बायकोला—" पुढचं मी बोललो नाही. बोललो नाही ते बरं झालं.

मला वाटलं तो भांडेल. त्यानं भांडायला हवं होतं. त्यानं हातातला चिमटा खाली ठेवला, टोपी काढून परत घातली, डार्लाकडे एकदा बघितलं आणि ट्रकमध्ये बसून निघून गेला. वाटेवरची धूळ बसेपर्यंत कुणी हललं नाही.

मी जिंकलो होतो. स्पर्धेत मात्र शेवटून दुसरा आलो. एक बाण टर्कीच्या मागच्या ओढ्यात गेला.

३ सप्टेंबर

डार्लाचा फोन. "धनुष्य आणि तो चाप घेऊन ये. आत्ता. मार्लिसला आणू नकोस."

दुकानाच्या मागे तिची लांबट खोली आहे, टोकाला निशाण. तिनं दार लावलं. म्हणाली, "तू म्हणतोस चाप बिघडवलाय. ठीक. आपण चापालाच विचारू."

घोड्याभोवती तिनं बारीक दोरा अडकवला आणि दुसरं टोक आपल्या हातात घेतलं. "तू नुसतं ओढायचं आणि नेम धरायचा. तर्जनी मुठीत मिटून ठेव. सोडणार मी. केव्हा, ते सांगणार नाही."

मी ओढलं, गालाला टेकवलं, पिवळ्या ठिपक्यावर नेम धरला. वाट बघितली. सुटला. पिवळ्यात.

"अजून एक."

पिवळ्यात.

आम्ही मारत राहिलो. तिनं एकदा पटकन सोडला, एकदा माझे खांदे भरून येईपर्यंत थांबली. सगळे बाण माझ्या पंज्याएवढ्या जागेत. दोन बाणांची पिसं एकमेकांना घासून फाटली. गेल्या वर्षभरात मी असं मारलं नव्हतं.

मी म्हणालो, "बघ! स्क्रू मी नीट करून आणलाय, म्हणून—"

"मी तो परत तुझ्या पहिल्याइतका हलका केलाय, तू कोट काढत होतास तेव्हा," डार्ला म्हणाली. तिनं दोरा सोडवला. "आता तू मार. बोटानं."

ओढलं. नेम धरला. बोट घोड्याकडे नेलं. आणि मी बघितलं. खरंच पहिल्यांदा बघितलं, कारण आजवर मी निशाणाकडे बघत होतो. बोट घोड्याला लागायच्या आधीच हलत होतं. टकटक, टकटक, कुणाच्या तरी दारावर वाजवल्यासारखं. मी त्याला थांब म्हणत होतो. ते माझं ऐकत नव्हतं.

बाण भिंतीत गेला.

डार्लानं बाण भिंतीतून उपटला. मग म्हणाली, "माझे वडील असेच होते, व्हर्लिन. त्यांना धनुष्यानं कळलं नाही, दाढी करताना कळलं."

मी विचारलं, "मार्लिस इथे रडत होती त्या दिवशी..."

"घरी जा आणि तिलाच विचार."

घरी गेलो. मार्लिस टेबलाशी बसली होती, जणू फोन झालाच होता. झालाच असणार.

"डॉक्टरांची वेळ घेतलीय," ती म्हणाली. "तुला न विचारता घेतलीय. ओरडायचं असेल तर ओरड."

ओरडलो. माझ्या पाठीमागे सगळ्यांनी मिळून कट केला, मला लहान पोर समजता, नॉर्बला तू सांगितलंस आणि मला नाही, असं सगळं बोललो. ती ऐकत राहिली. मी दमल्यावर म्हणाली, "मी नॉर्बला नाही सांगितलं. नॉर्बनं मला सांगितलं. जुलैत. आणि मी त्याला म्हटलं, काही बोलू नकोस, आधी डॉक्टर बघू देत. मी घाबरले होते रे. त्यानं शब्द पाळला एवढंच."

मग तिनं कॉफी ओतली. अर्धा कप.

१६ सप्टेंबर

डॉक्टरीण अगदी तरुण. तर्जनी अंगठ्यावर टपटप करायला लावली. डावी चालली. उजवी आधी चालली, मग चढावर भरलेला टँकर दम टाकतो तशी तिची टपटप लहान लहान होत थांबली. बोळात चालायला लावलं. कॉफीची पूड नाकाखाली धरून विचारलं, "कसला वास?" मी म्हटलं, "कसलाच नाही, डबा रिकामा आहे." मार्लिसनं तोंड फिरवलं.

कंपवात. सुरुवात आहे म्हणे. गोळ्या आहेत. पुष्कळ वर्षं बरी जातात म्हणे.

मी विचारलं, "शिकारीचं काय?"

"बंदूक?"

"धनुष्य. चाप असतो, घोडा दाबायचा."

"मग ते बोट घोड्यावर ठेवू नका," ती म्हणाली. "आणि झाडावर चढू नका."

ही डार्लाशी बोललीय की काय?

परवा हंगाम सुरू झाला. मी गेलो नाही.

१७ सप्टेंबर

नाही गेलो.

२८ सप्टेंबर, रविवार

चर्चनंतर मार्लिसनं बटाट्याच्या पातळ पोळ्यांचं, लेफ्सांचं, पुडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे नॉर्बकडे पोचव. गाडीतून उतरायचं नसेल तर खिडकीतून फेक."

नॉर्ब शेडमध्ये ट्रॅक्टरखाली पडला होता. बूट तेवढे दिसत होते. मी बुटांशी बोललो. सोपं गेलं.

"मी तुला चोर म्हटलं."

"म्हटलंस," बूट म्हणाले.

"सगळ्यांसमोर."

"सॉसेज करपले त्या दिवशी."

"तू मला सरळ का नाही सांगितलंस?"

तो बाहेर सरकला. तोंडाला तेल. "काय सांगू? व्हर्लिन, तुझा हात थरथरतो? तू मला माझ्याच गोठ्यात उलटं टांगलं असतंस. म्हटलं घोडा जड करू, बोट चुकून लागलं तरी सुटणार नाही. मूर्खपणा होता. दुसऱ्याच्या धनुष्याला हात लावू नये. चूक माझी."

"जुलैत तो पत्र्यातला बाण..."

नॉर्ब चिंधीला हात पुसत राहिला. "कानाशी वारा लागला," म्हणाला. "बायकोला अजून सांगितलं नाही. तूही सांगू नकोस, मला बाहेर झोपवेल."

मी खाली बसलो. तिथे उलटी बादली होती. लेफ्सा लोणी-साखर लावून खाल्ल्या, बोटांना ट्रॅक्टरचं तेल लागलं होतं तसंच.

मग मी विचारलं, "आणि मचाण? इलिनॉयवाल्यांनी किती दिले?"

"कोण इलिनॉयवाले?"

त्यानं कोपऱ्यातली ताडपत्री उचलली. माझं मचाण, घडी घालून, पट्टे गुंडाळून. बैठकीला नवा स्पंज शिवला होता.

"ते का शिवलंस?"

"उंदरांनी खाल्लं होतं जुनं," तो म्हणाला. ताडपत्रीखाली उंदीर कुठून आले, देव जाणे.

११ ऑक्टोबर

गोळ्यांनी हात जरा ऐकतोय. डार्लाकडे गेलो. परत तेच चार चाप.

"पहिला नाही," मी म्हणालो. "डॉक्टरीण ओरडेल."

"अंगठ्याचा?"

अंगठा तर बोटापेक्षाही वाईट नाचतो. बिनघोड्याच्या वळणाऱ्या चापाकडे मी बघितलंसुद्धा नाही. अर्धा दात अजून थंड पाण्याला ओरडतो.

उरला चौथा. याला मुठीत घ्यायचं. अंगठ्याखाली एक खटका आहे. तो दाबून धरला तोवर काहीही झालं तरी सुटत नाही. दोरी पूर्ण ओढली, नेम धरला, की अंगठा उचलायचा आणि पाठीनं ओढत राहायचं. ठरवलेल्या जोरापुढे गेलं की सुटतो. बोटं थरथरोत, नाचोत, गाणं म्हणोत, चाप त्यांना विचारत नाही. सोडायचं नसेल तर अंगठा परत दाबायचा आणि दोरी हळू पुढे जाऊ द्यायची.

मी शंका काढल्या. हातमोज्यातून निसटला तर? डार्लानं त्याला मनगटाचा पट्टा शिवून दिला. धातू धनुष्याला आपटून वाजला तर? हरणाचे कान मार्लिसपेक्षा तिखट. तिनं मुठीला कापडी चिकटपट्टी गुंडाळली. ऐन वेळी सुटलाच नाही तर?

"मग हरीण जगेल," डार्ला म्हणाली. "त्याची हरकत नसावी."

तिनं माझ्या ओढीच्या मापाचा दोरीचा फास करून दिला, धनुष्याशिवाय सराव करायला. स्वयंपाकघरात ओढत बसतो. खट झालं की मार्लिस दचकते आणि हातातलं जे असेल ते टाकते. काल बटाटा, आज मीठदाणी. आता म्हणते, आधी सांगून सोड. मी म्हटलं, सांगता येत नाही, हेच तर याचं वैशिष्ट्य.

जोर कमीजास्त करायची बारीक किल्ली डार्लानं वेगळी दिली. "ही फक्त तुझ्याकडे ठेव," डोळा मिचकावून म्हणाली. "कुणाचा काही नेम नाही."

किल्ली पेटीतच ठेवली. पेटी नॉर्बच्या शेडमध्ये.

१ नोव्हेंबर, शनिवार

पहाटे पाणी गोठलं होतं. आडोशात बसलो, टेकडीच्या खांद्यावर, मक्याचं शेत जिथे जंगलाला मिळतं तिथे. दोन खुर्च्या. नॉर्ब आला, थर्मास आणला, दुर्बीण आणली. धनुष्य आणलं नव्हतं.

"तुझं कुठाय?"

"खांदा दुखतोय. यंदा नाही मारणार म्हणतो. तू मार, मी बघतो."

उन्हं झाडांच्या शेंड्यांवर आली आणि नर आला. नॉर्बनं माझ्या गुडघ्याला बोट लावलं. मान फुगलेली, शिंगं रुंद, नाक जमिनीला लावून मादीचा माग काढत येत होता. मी इतक्या वर्षांत टेकडीवर एवढा नर एकदोनदाच बघितलाय. थांबला तो अगदी बाणाच्या टप्प्यात.

चाप दोरीला अडकवला. अंगठा खटक्यावर दाबला. ओढलं. गालाला टेकलं. हात थरथरत होता, पण मी त्याच्याकडे बघत नव्हतो, खांद्यामागच्या जागेकडे बघत होतो. अंगठा उचलला. ओढत राहिलो. पाठ आवळली. अजून थोडं. नॉर्बनं श्वास धरला होता, मला ऐकू येत होतं.

आणि नर एक पाऊल वळला. माझ्याकडे छाती, तिरका. पाठीनं अजून केसभर ओढलं असतं तर सुटलाच असता, आणि बाण पोटात शिरला असता. मग दिवसभर रक्ताचा माग काढत हिंडायचं आणि कुठेतरी ओढ्यात कोल्ह्यांनी खाल्लेला सापडायचा.

मी अंगठा परत दाबला. दोरी पुढे जाऊ दिली, इंच इंच, खांदे पेटले होते. नर आमच्याकडे बघत उभा राहिला, मग शेपटाची पांढरी बाजू दाखवत उतारावरून पळाला.

वर्षभर बाण माझ्या हातातून आपले आपले गेले होते. हा मी ठेवला.

मग नॉर्बनं थर्मास उघडला. "मी मारला असता," म्हणाला.

"म्हणून तू पोटात मारतोस."

त्याचं पोट हललं. आडोशाचं कापडही हललं. दोन खारी ओरडत झाडावर पळाल्या. त्यानंतर दुपारपर्यंत एक हरीण फिरकलं नाही, आणि आम्ही उठलोही नाही.

घरी आल्यावर मार्लिसला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "खांदा दुखतोय? काल तर त्यानं एकट्यानं ओकचे ओंडके ट्रकमध्ये भरले. मी समोरून गेले." त्याचा शिकारीचा परवाना तर जुलैतच काढलेला असतो, दरवर्षी, सगळ्यात आधी. धनुष्याला नवी दोरीही घातली होती त्यानं.

नॉर्ब माझ्यापासून परत काहीतरी लपवतोय. उद्या पहाटे परत बसायचं आहे, दोन खुर्च्या तशाच ठेवून आलोय. तेव्हा बघतो त्याच्याकडे.